दुसरा वाफा

एकदा एक वृद्ध वैद्य गावासाठी औषधी बाग राखत होते. घरटी एकच वाफा, असा तिथला नियम. पाणी बागेच्या विहिरीचे, फुकट. आणि पीक केवळ आजारपणासाठी म्हणून त्यावर गावाचा वाटाही माफ. मार्गशीर्षातल्या पाहणीत कुणाचा वाफा जास्तीचा निघाला, तर तो मोकळा होईपर्यंत दर वर्षी दंड.

वैद्यांची एक शिष्या होती, दोन वर्षांच्या मुलाची आई. मुलाला थंडीत खोकला व्हायचा, आणि तो खोकण्याआधीच हिची झोप उडायची. तिने सासरी सांगून आल्याचा वाफा लावला. तिकडे वडिलांनीही, स्वतःचा वाफा असताना, लेकीच्या नावाने आणखी एक लावून टाकला. लेक सासरी गेली तरी तिची काळजी माहेरीच राहिली होती. हे तिला उशिरा कळले. कळल्यावर, खरे तर, बरेच वाटले. गुरुजींना सांगायला ती रोज निघे आणि हवापाण्यावर बोलून परत येई.

पाहणीच्या आदल्या दिवशी मात्र तिने सांगून टाकले. वैद्यांनी कुदळ घेऊन वडिलांनी लावलेला तो हिरवागार वाफा खणायला घेतला.

“गुरुजी, लावल्या तेवढ्याच कांड्या काढा ना. नवं फुटलंय ते तरी राहू द्या.”

“जास्तीच्या पोटी आलेलं तेही जास्तीच. सगळं घरी ने. नव्या फुटीवर शेतातल्या पिकासारखा गावाचा वाटा दे आणि मोकळी हो.”

“आणि थंडी लांबली तर? एका वाफ्यात नाही भागलं तर?”

“दोन राहिले असते, तर तू तिसऱ्याच्या मागे लागली असतीस.”

सासूच्या माहेरचा वाफा यंदा रिकामा आहे, याची चौकशी तिने आधीच करून ठेवली होती.

वैद्य बांधावर टेकले. “मुली, आजाराला काही माप असतं, भीतीला नसतं. वाफा आजारापुरता आखलाय. आणि आज तू होऊन सांगितलंस, म्हणून ही चूक. उद्या पाहणीत सापडली असती, तर हिलाच लोक लबाडी म्हणाले असते. आलं तेच, वाफा तोच.”

तिने टोपली उचलली. बागेबाहेर पडताना मागे वळून आपला उरलेला वाफा पाहिला. तो पुरेल की नाही, हे तिला अजूनही ठाऊक नव्हते. पण तो तिचा होता, आणि त्याविषयी कुणाला काही सांगायचे राहिले नव्हते.