नावभर चाकू आणि एक दोर

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, आणि घडीचा चाकू ज्याच्या कमरेला असे त्याला चारचौघांत मान असे. बाळांनो ऐका, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. तुमच्या पेटीत जपून ठेवलेलं काही असेल तर तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

एका नदीकाठच्या नगरात चाकू घडवणारी दोन घराणी होती. एका घराण्याच्या पात्यावर मोराचा शिक्का असे, दुसऱ्याच्या पात्यावर कासवाचा. नगरातले शौकीन लोक हे चाकू जमवत. काही मोरवाले, काही कासववाले. दोन्हींचे चाकू चांगलेच होते, पण असं म्हणणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी बसत.

शौकीन होण्याची एक रीत होती. आपल्या लोहाराच्या ऐरणीला हळद लावायची आणि तिच्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, की दुसऱ्या शिक्क्याच्या चाकूला जन्मात हात लावणार नाही. आणखी एक गंमत होती. ज्या चाकूचं पातं एकदाही उघडलेलं नाही, त्याला म्हणत कोरा. कोऱ्या चाकूचा मान सगळ्यांत मोठा. दर पौर्णिमेला त्याच्यावर जवसाचं तेल चोळायचं, मऊ फडक्यात गुंडाळायचं, आणि पुन्हा ठेवून द्यायचं. कापायचं म्हणून काही नाही.

कासववाल्यांचा म्होरक्या होता हैबतराव. त्याच्याकडे हस्तिदंती मुठीचा एक कोरा चाकू होता. तो चाकू त्याला जिवापेक्षा प्यारा होता. त्याची बायको गिरजाबाई मोडक्या दातऱ्या विळीवर कांदा चिरता चिरता म्हणायची, "अहो, घरात पेटीभर चाकू, आणि माझ्या बोटांना रोज चिंध्या."

"त्या चाकूंनी कांदा चिरायचा?" हैबतराव कानांवर हात ठेवायचा. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, कांदा छान चिरलाय."

मोरवाल्यांत होता गोंदाजी. लहानपणी तो आणि हैबतराव एकाच झाडावर चढून एकच पेरू अर्धा अर्धा खायचे. पुढे एकाने मोराची शपथ घेतली, दुसऱ्याने कासवाची, आणि बोलणं बंद झालं. गोंदाजीकडेही शिसवी मुठीचा एक कोरा चाकू होता. दर जत्रेत पहिला मान कधी याला मिळे, कधी त्याला. ज्या वर्षी गोंदाजीला मिळे, त्या वर्षी हैबतरावाला कित्येक दिवस घास गोड लागत नसे. मत्सर वाईट असतो हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून सुटत नव्हता.

चाकूंची जत्रा नदीपलीकडच्या पेठेत भरायची. मोरवाल्यांची नाव वेगळी, कासववाल्यांची वेगळी. पण त्या वर्षी मोरवाल्यांच्या नावेला भोक पडलं आणि सगळ्यांना एकाच नावेत बसावं लागलं. कासववाले पुढे बसले, मोरवाले मागे, आणि मधली फळी दोन्हींनी रिकामी ठेवली. हैबतराव म्होरक्या, म्हणून नावेच्या टोकाला त्याची जागा. शेजारी नवं लुगडं नेसलेली गिरजाबाई.

एवढ्यात हैबतरावाचं लक्ष नावाड्याच्या कमरेकडे गेलं. तिथे एक काळपट कोयता लटकत होता. त्यावर ना मोर ना कासव.

"हे काय?" हैबतराव म्हणाला. "शिक्क्याच्या चाकूंच्या पंगतीत बिनशिक्क्याचं पातं? काठावर ठेव ते."

"मालक, नावेत कोयता लागतो," नावाडी म्हणाला.

"ठेव म्हटलं ना!"

मागून मोरवालेही ओरडले, "ठेव, ठेव!" कित्येक वर्षांत दोन्ही बाजूंचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं. नावाड्याने कोयता काठावरच्या दगडावर ठेवला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. काय ते मी इथे सांगत नाही, कारण मुलं ऐकत आहेत.

त्या नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर ताणलेला होता. नाव वाहून जाऊ नये म्हणून तिचं टोक आखूड दोरीने त्या दोराला बांधलेलं असे, आणि नावाडी दोर ओढत ओढत नाव पलीकडे नेई. वर डोंगरात पाऊस झाला होता. पाणी गढूळ होतं आणि जोरात होतं. नाव मध्यावर आली आणि एक मुळासकट उखडलेलं झाड वाहत येऊन दोरावर आदळलं. त्याच्या फांद्या आखूड दोरीत गुंतल्या. झाड बुडायला लागलं, तसं नावेचं टोकही खाली ओढलं जाऊ लागलं. पाणी आत आलं. गिरजाबाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं.

नावाड्याने बांबू तळाशी रोवून कशीबशी नाव तोलून धरली. "ती आखूड दोरी कापा!" तो ओरडला. "गाठ सुटायची नाही आता, ओली झालीय. दोरी तुटली की नाव सुटंल, खाली वाळूचा पट्टा आहे, तिथं लागंल. पण कापा लवकर! मी बांबू सोडला तर उलटलीच म्हणून समजा!"

कापा! नावभर चाकू होते, पण जत्रेत मांडायला आणलेले, सगळे कोरे. जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला. कोरा चाकू उघडायचा? मग तो कोरा कसला? एक जण तर चक्क म्हणाला, "तुमचा उघडा ना, तुमचा तसाही जुना आहे."

दोरी हैबतरावाच्या अगदी हाताशी होती. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने एका हाताने नावेची कड आणि दुसऱ्या हाताने त्याची बाही धरली होती. त्याने चाकू काढला, वरचं फडकं फेकलं, पात्याच्या खाचेत नख घातलं आणि ओढलं. पातं हललं नाही. पुन्हा ओढलं. नख तुटलं, रक्त आलं, पातं तसंच. वर्षानुवर्षांचं जवसाचं तेल सांध्यात साकळून सुकलं होतं, आणि पातं मुठीत खिळ्यासारखं घट्ट बसलं होतं. आता इतरांनीही आपापले चाकू काढले. कोणी दातांनी ओढलं, कोणी नावेच्या कडेवर आपटलं. मोर असो की कासव, एकही उघडेना.

आणि मग मागून एक आवाज आला. टक्. घडीचा चाकू उघडल्याचा आवाज.

गोंदाजी उभा होता. शिसवी मुठीतून पातं सरळ बाहेर आलं होतं, आणि धारेवर कालच्या पेरूचा वाळलेला गर दिसत होता. सगळ्या मोरवाल्यांनी ते पाहिलं. गोंदाजीचं तोंड उतरलं, पण त्याने पातं मिटलं नाही. त्याने मूठ पुढे केली आणि म्हणाला, "द्या पुढे."

चाकू हातोहात पुढे आला. मधल्या रिकाम्या फळीपाशी अडला. पहिल्या कासववाल्याने शपथेला भिऊन हातावर उपरणं गुंडाळून तो घेतला. दुसऱ्याला उपरणं सापडेना, त्याने तसाच घेतला. शेवटी तो हैबतरावासमोर आला. पात्यावरचा मोर त्याच्याकडे पाहत होता. ऐरण, हळद, शपथ, सगळं त्याला आठवलं, आणि त्याचा हात क्षणभर थबकला.

"अहो," गिरजाबाई म्हणाली. "घ्या ना."

हैबतरावाने चाकू घेतला. दोरीवर ठेवला आणि रेटला. एक पेड तुटला, दुसरा तुटला, मग अख्खी दोरी तुटली. नाव एकदम वर आली, गर्रकन फिरली, वाहत खाली गेली आणि वाळूच्या पट्ट्यावर जाऊन टेकली.

मग सगळे एकदमच बोलू लागले. मोरवाले कासववाल्यांना हात देऊन उतरवू लागले. हैबतरावाने गिरजाबाईला वाळूवर बसवलं आणि तिचे गार पाय दोन्ही हातांत धरले. मेलो नाही, ही मेली नाही, एवढंच त्याला पुन्हा पुन्हा वाटत होतं, आणि त्याला रडू आलं.

थोड्या वेळाने तो गोंदाजीजवळ गेला. कितीतरी वर्षांनी त्याने त्याला हाक मारली. "गोंद्या, तुझा उघडला कसा रे?"

गोंदाजी मान खाली घालून म्हणाला, "आईला दात नाहीत. रोज तिला पेरूच्या फोडी करून देतो, बिया काढून. ह्याच्याइतकी बारीक फोड दुसऱ्या कशाने होत नाही. जत्रेआधी घासूनपुसून ठेवतो. काल रात्री तेवढं राहिलं."

"म्हणजे तुझा चाकू कोरा नव्हताच?"

"कधीच नव्हता."

हैबतरावाला हसू फुटलं. इतका हसला, की वाळूत बसला. "आणि मी उगाच त्याच्यावर जळत होतो!" त्याच्या छातीवरचं कितीतरी वर्षांचं ओझं त्या हसण्यात उतरलं. नावाडी बांबूला टेकून म्हणाला, "हसा मालक, हसा. उद्या मात्र माझा कोयता नावेत पहिला बसंल, तुम्ही त्याच्यानंतर."

घरी आल्यावर हैबतरावाने आपला कोरा चाकू कोमट खोबरेल तेलात बुडवून ठेवला. सांधा सैल झाला, तेव्हा त्याने तो गिरजाबाईपुढे धरला. तिने कांदा घेतला आणि चिरला. चकचकीत पात्यावर पहिला डाग पडला. हैबतराव आता काळजाला चटका बसेल म्हणून वाट पाहत बसला. चटका काही बसला नाही. उलट त्याला बरं वाटलं, आणि त्याने दुसरा कांदा सोलून तिच्या हातात दिला.

पुढच्या जत्रेत चाकूवाल्यांपुढे आधी एक दोर ठेवला गेला. ज्याचा चाकू तो दोर कापेल, त्याचाच मांडायचा, मग शिक्का कोणताही असो. त्या वर्षीचा पहिला मान गोंदाजीच्या म्हाताऱ्या आईच्या चाकूला मिळाला. हो, तिच्याच. चाकू तोच शिसवी मुठीचा, पण गोंदाजीने नाव आईचं सांगितलं.

बोध एवढाच: शिक्क्यावर जीव टाकण्याआधी पातं उघडतं का ते पाहावं, आणि आपलं उघडत नसेल तर दुसऱ्याचं हातात घ्यायला लाजू नये.