डावीकडे घे

एकदा एक बाप दोन सायकली गाडीच्या टपावर बांधून आपल्या जुन्या शिक्षकांच्या दारात येऊन उभा राहिला. एक सायकल त्याची होती, दुसरी त्याच्या सहावीतल्या मुलीची, केतकीची. शिक्षक निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. गावाबाहेर कालव्यालगत त्यांचे घर होते आणि सकाळच्या प्रहरी कालव्याच्या काठाने सायकल चालवणे हा त्यांचा नेम होता. ज्या मुलांना त्यांनी कधीकाळी भूमिती शिकवली, ती आता टक्कल पडलेली मुले आपापली दुखणी घेऊन त्यांच्याकडे येत आणि सर त्यांना सायकलवर बसवून फिरवून आणत. औषध म्हणून हे काही वाईट नव्हते.

या शिष्याचे दुखणे मात्र साधे नव्हते. त्याची पत्नी स्कूटरवरून येत असताना महामार्गावर मागून आलेल्या ट्रकखाली गेली होती. तेव्हापासून मागे काहीही वाजले की हा दचके, मग ते घरातले भांडे का असेना. मुलीला रस्त्यावर सायकल नेऊ देणे तर सोडाच, ती सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायची तेव्हाही हा मागून धावत सूचना देत असे. शेवटी एके दिवशी केतकी म्हणाली की ही सायकल कोणाला तरी देऊन टाक. ती सायकल तिच्या आईने घेऊन दिलेली होती. तेव्हापासून त्याच्या मनात दोन भीती घर करून राहिल्या. मुलगी सायकलवर बसली तर काय होईल ही एक, आणि ती पुन्हा कधी बसलीच नाही तर काय होईल ही दुसरी.

"सर, हिला सायकल सुरक्षित कशी चालवायची ते शिकवा," तो म्हणाला.

सरांनी विचारले, हिला येत नाही का? येते, असे त्याने कबूल केले. केतकी खाली मान घालून चपलेने माती उकरत होती. सरांनी तिच्याकडे पाहिले, मग बापाकडे पाहिले आणि आपली सायकल बाहेर काढली.

कालव्याच्या काठाची ती वाट पाटबंधारे खात्याने पाहणीसाठी केलेली होती. तिच्या तोंडाशी लोखंडी आडवा खांब असल्यामुळे चारचाकी आत शिरत नसे, आणि मोटारसायकलवाल्यांना पलीकडचा डांबरी रस्ता सोयीचा असल्यामुळे तेही इकडे फिरकत नसत. वाट लाल मुरमाची, चांगली रुंद. उजव्या हाताला वनखात्याने लावलेला साग आणि करंज. डाव्या हाताला कालवा. पाण्याचे आवर्तन नुकतेच सुटले होते, त्यामुळे कालवा काठोकाठ भरून वाहत होता. सर एवढेच म्हणाले की वाट रिकामी आहे, मधून चालवा. मग केतकी पुढे, तिच्या मागे बाप आणि सर्वांत शेवटी सर, असे तिघे निघाले.

थोडे अंतर गेले नाही तोच बापाने हाक दिली, "केतकी, डावीकडे घे."

तिने मागे वळून पाहिले, सायकल डगमगली, तिने सावरून डावीकडे घेतली. पुन्हा थोड्या वेळाने, वेग कमी कर. मग, ब्रेकवर बोटं ठेव. मग पुन्हा, डावीकडे घे. काळजी करणाऱ्या माणसाला आपल्याकडे मोठा मान असतो. जो जास्त ओरडतो त्याचा जीव जास्त, असा समज घरोघरी नांदतो आणि सहसा कोणी तो तपासून पाहत नाही. त्या मापाने मोजले तर हा गृहस्थ फारच मायाळू होता. हमरस्त्यावर धोका उजवीकडून असतो, म्हणून शहाणा सायकलवाला डावी कड सोडत नाही, हे त्याच्या जिभेवर इतके बसले होते की आपण काय बोलतो आहोत ते त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हते.

एका ठिकाणी काठाचा मुरूम सैल होता. हाक आली, केतकीने मागे पाहिले, आज्ञेप्रमाणे डावीकडे घेतले आणि पुढचे चाक सरकले. काठावरचे खडे पाण्यात पडले. तिने कसाबसा पाय टेकला. सायकलचे चाक काठाबाहेर अधांतरी राहिले.

बाप धावत गेला. त्याने सायकल मागे ओढली आणि मुलीला जवळ घेण्याऐवजी तो तिच्यावरच ओरडला, लक्ष कुठे असतं तुझं म्हणून. केतकी रडली नाही. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. सायकल देऊन टाक म्हणाली त्या दिवशीही तिचा चेहरा असाच झाला होता.

तेवढ्यात सर पुढे आले. त्यांनी केतकीची सायकल वाटेच्या मधोमध उभी केली आणि तिला म्हणाले, "बाळा, तू हो पुढे. वळणापलीकडे एक छोटा पूल लागेल, तिथे थांब. आम्ही आलोच."

तिने बापाकडे पाहिले. तो काही बोलायच्या आत सरांनी मान डोलावली आणि ती निघाली. मग सरांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. आपली सायकल त्यांनी शिष्याच्या सायकलपुढे वाटेत आडवी पाडली, तिच्याशेजारी मुरमावर मांडी घातली आणि पिशवीतून थर्मास काढून ते चहा ओतू लागले.

"सर, ती एकटी आहे," तो म्हणाला.

सरांनी कप पुढे केला. त्याने तो घेतला नाही. केतकी वळणाआड दिसेनाशी झाली. पाणी किती खोल असेल, तिला पोहता येते ते तरणतलावात, वाहत्या पाण्यात नाही, हे सगळे त्याने एका दमात सांगितले. सर म्हातारे झाले, त्यांना भान राहिले नाही, असेही त्याच्या मनात येऊन गेले. गुरूविषयी असे मनात आल्याची त्याला लाज वाटली, पण विचार गेला नाही.

"मागे बघ," सर म्हणाले. "मुरमावर तिचं चाक उमटलंय. कसं गेलंय ते सांग."

त्याने अनिच्छेने पाहिले. चाकाची रेघ सरळ येत होती, मध्येच नागमोडी होत होती आणि तिथून पाण्याकडे झुकत होती. मग पुन्हा सरळ, पुन्हा नागमोडी, पुन्हा पाण्याकडे.

"जिथे वाकडी झालीय तिथे तिथे तू हाक मारलीस," सर म्हणाले. "हाक आली की मूल मागे बघतं. मागे बघितलं की हँडल हलतं, आणि मग तू सांगशील तिकडे ती ते नेते. तू सांगतोस डावीकडे. इथे डावीकडे काय आहे?"

तो पाण्याकडे बघत राहिला.

"तू ट्रकपासून वाचवायला तिला कालव्यात लोटत होतास. अरे, या वाटेवर मागून कोणी येत नाही. मागून येतोस तो फक्त तू."

मग त्याने विचारले, "पण ती खरंच पडली तर?"

"पडू शकते. तुला खोटं सांगणार नाही. मलाही भीती वाटतेय, म्हणून तर खाली बसलोय. उभा राहिलो असतो तर मीही ओरडलो असतो. तुझ्या भीतीला मी नावं ठेवत नाही, तुझं काय गेलंय ते मला माहीत आहे. पण ती भीती तुझी आहे, तुझ्यापाशी ठेव. त्या पोरीच्या पाठीवर लादू नकोस."

चहा तसाच राहिला. सरांनी सायकल उचलून वाट मोकळी केली आणि शिष्य पुढे निघाला. आता तो मुरमाकडे बघत चालला होता. केतकीच्या चाकाची रेघ वाटेच्या मधोमध होती. एका मोठ्या दगडाला तिने नीट वळसा घातला होता आणि पलीकडे पुन्हा मध्य धरला होता. तो दगड तिला कोणी दाखवला नव्हता. त्याला अभिमान वाटला, आणि आपल्यावाचून हे झाले याचे किंचित वाईटही वाटले.

वळण ओलांडताच त्याने पुलाकडे पाहिले. केतकी पुलावर थांबलेली नव्हती. ती उलट परत येत होती, जोरजोरात पायडल मारत, अगदी पाण्याच्या कडेने. तिचा चेहरा वाटेकडे नव्हता. ती कालव्यात बघत होती.

हाक त्याच्या दातांपर्यंत आली. आता ओरडलो तर ती दचकेल, हे त्याला त्याच क्षणी समजले, आणि ओरडल्याशिवाय उभे राहणे किती कठीण असते तेही. तो सायकलवरून उतरला, वाटेच्या मध्यभागी उभा राहिला आणि तोंड मिटून घेतले. मागे सरही थांबले होते. चाकाखालून खडे उडून पाण्यात पडत होते, ते त्याने पाहिले. तो तरीही गप्प राहिला.

मग केतकीने मान वर केली. समोर बाप दिसला आणि सायकल आपोआप काठ सोडून वाटेच्या मध्यावर आली. जवळ येताच तिने सायकल खाली टाकली आणि त्याच्या पोटाला मिठी मारून ती आता मात्र मोठ्याने रडू लागली.

"तुझा आवाजच येईना, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं तू पडलास. मी पाण्यात बघत आले."

तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. जी भीती तिच्यापासून दूर ठेवण्यासाठी आपण जिवाचे रान केले, ती आपणच तिला देऊन बसलो, हे त्याला कळले आणि डोळे भरून आले. मग तो तिच्यासमोर खाली बसला.

"मी गप्प होतो, केतकी. गप्प असलो तरी मागे असतो."

"नक्की?"

"नक्की."

तिने डोळे पुसले, सायकल उचलून तिचे तोंड पुलाकडे वळवले आणि ती निघाली. तो थोडे अंतर ठेवून मागून गेला. भीती काही कमी झाली नव्हती. हँडलवर आवळलेली बोटे दुखत होती आणि दातांवर दात घट्ट बसले होते. पण ती संपूर्ण वाट मधून गेली आणि तिने एकदाही वळून पाहिले नाही.

आपल्या माणसाला हाक मारण्यापूर्वी ते कुठे बघत चालले आहे, एवढे पाहून घ्यावे.