धावत्या जीपमधला नेम

“…मग बंदूक हलू देऊ की थांबवू? एवढंच सांगा, बाबा.”

उन्मेष पुण्यात मोबाइलवरचे लढाईचे गेम बनवायचा. उत्तर आपल्याला ठाऊकच आहे, समोरच्याने फक्त मान डोलवावी, असा त्याचा विचारण्याचा थाट होता.

समोर सुभेदारबाबा वाती वळत बसले होते. त्यांची उमेदीची वर्षं फौजेत, गाडीवरच्या मशीनगनमागे गेली. आता साताऱ्याकडच्या एका डोंगरावर ते मठ सांभाळत होते.

“नीट सांग. मला म्हाताऱ्याला कळंल असं.”

“गेममध्ये धावत्या जीपमधून गोळी मारायची असते. बंदूक हलते, नेम चुकतो. म्हणून मी एक बटण दिलंय. दाबलं की शिपाई श्वास रोखतो आणि बंदूक स्थिर होते. आता निम्मे लोक शिव्या घालतात, म्हणे धावत्या गाडीत असं कधी होतं का! बाकीचे म्हणतात, बटण काढलंस तर खेळणार कोण?”

“तुझं काय म्हणणं?”

“बटण राहणार. माझा धाकटा भाऊ हर्षद फौजेत आहे, गाडीवरच्या गनवरच. तो म्हणतो, दादा, मी नेम तुझ्या गेमवर शिकलो. श्वास रोखला की झालं!”

वाती वळणारे हात थांबले.

“कुठं हाय तो?”

“सुट्टीवर आलाय घरी. परवा निघेल सीमेवर.”

बाबांनी हातातली वात खाली ठेवली.

मग उठले. मठासाठी खालून पाणी आणायची एक जुनी जीप होती, मागून उघडी. बाबांनी उन्मेषच्या हातात आपली काठी दिली.

“मागं उभा ऱ्हा. काठी खांद्याला लाव. मठाच्या झेंड्यावर नेम धर, आन् श्वास रोख.”

उन्मेषला हसू आलं. तरी तो चढला. बाबांनी जीप उताराला लावली.

पहिल्या वळणापर्यंत त्याचा तोरा टिकला. झेंडा काठीच्या टोकाशी नाचत होता, पण दिसत तरी होता.

मग बाबांनी वेग वाढवला. उतार, सुटी खडी, एका अंगाला दरी. उन्मेषची पाठ रस्त्याकडे, त्यामुळे पुढे काय येतंय ते त्याला कळेना. एवढ्यात मागचं चाक कडेच्या मातीवर घसरलं. दगड सुटले, खाली गेले. पडल्याचा आवाज काही आला नाही.

“बाबा! थांबवा! आई गं… थांबवा!”

जीप थांबली.

“श्वास धरला हुतास का?”

“आठवत नाही…”

“काठी कुठं हाय?”

उन्मेषनं हातांकडे पाहिलं. दोन्ही हातांनी जीपचा लोखंडी दांडा आवळलेला होता. काठी कधी सुटली, त्याचा त्याला पत्ता नव्हता.

बाबा खाली उतरले. त्यांचेही पाय लटपटत होते.

“तुम्हीसुद्धा घाबरलात?”

“मग? दरी काय मला वळखती व्हय?”

उन्मेष रडकुंडीला आला होता. “उद्याच बटण काढतो, बाबा. खरं तेच दाखवतो. बंदूक हलेल, नेम चुकेल…”

“कशाला? ऱ्हाऊ दे की. खेळ हाय, पोरांना खेळता आला पायजे. आन् तू बंदूक किती बी हलीव, खेळणारं पोरगं काय घरात बसून दांडा धरणार हाय?”

उन्मेषनं हातातल्या दांड्याकडे पाहिलं…

आणि त्याला हर्षद आठवला. परवा निघाला की तोही असाच गाडीवर उभा असणार. फोन काढायला गेला तर बोटं दांडा सोडेनात. बाबांनी ती एकेक करून सोडवली.

“हां दादा, बोल!” हर्षदचा आवाज खुशीत होता. मागे आईची भांडी वाजत होती.

 फोनवर हात ठेवून उन्मेषनं बाबांकडे पाहिलं.

“काय सांगू त्याला?”

“काय बी सांगू नको. इचार, भ्या वाटतं का.”

“आणि… नाही म्हणाला तर?”

बाबा पुन्हा जीपमध्ये चढले. त्यांनी इंजिन चालू केलं.

“तर आजच घिऊन ये त्याला. मागं उभा करू.”