भोपळ्यांची सांगड

भाविकहो, केवलगिरी महाराजांचा मुक्काम तेव्हा पिंपळदऱ्यास, नदीकाठच्या महादेवाच्या देवळात होता. देवळामागेच सिधोजी गुरवाचे खोपट. भोपळे वाळवायचे, त्यांच्या एकताऱ्या करायच्या आणि उरला वेळ महाराजांच्या पायाशी बसून नाम घ्यायचे, एवढाच त्याचा संसार. गावचे त्र्यंबकराव देशमुख चारचौघांत त्याला टोचून बोलत.

"महाराज, हा तुमचा थोर भक्त! घरात दाणा नाही अन् आढ्याला भोपळे टांगलेत. भोपळ्यांनी कुणाचं भलं झालंय?"

लोक खदखदून हसत. सिधोजी मान खाली घालून काम करीत राही. त्याला ते लागत नसे असे मात्र नाही, फार लागे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नदी दुथडी भरली आणि गावची एकुलती एक होडी पुराने नेली. नेमकी त्याच सकाळी देशमुखांची सून अडली. मूल आडवे आलेले आणि हंसाबाई सुईण पैलतीरी! देशमुख धापा टाकत देवळात आले.

"महाराज, माणसं आहेत, गाडी-बैल आहेत, पण होडी नाही हो! पोर जातीय माझी!"

महाराज म्हणाले, "काय नाही ते ऐकलं. आता काय आहे ते बघू. सिधोजी, तुझ्याकडे काय आहे रे?"

सिधोजी ओशाळला. देशमुखांसमोर ते नाव काढायचे? "भोपळेच की, महाराज," तो पुटपुटला. आणि बोलता बोलताच त्याचे डोळे चमकले. अहो, वाळका भोपळा कधी बुडतो का!

त्याने न कापलेले बारा भोपळे काढले, विहिरीच्या दोराने खाटेखाली करकचून बांधले आणि ती सांगड पाण्यात लोटून पोहत निघाला. महाराज घाटावर डोळे मिटून, मूठ आवळून बसले.

परतताना खाटेवर हंसाबाई होती. ऐन धारेत दोर तटकन तुटला. सिधोजीच्या डोळ्यांदेखत त्याचे टोक वाहत गेले. "महाराज, सांभाळा!" तो ओरडला. काय आश्चर्य! एकही भोपळा जागचा हलला नाही. हंसाबाईने काठावर पाऊल ठेवले, तेव्हाच ते एकेक करून सुटले.

घटकाभरात वाड्यातून बाळाचे रडणे ऐकू आले. मुलगी झाली होती. मायलेकी सुखरूप! घाटावर जमलेल्या सगळ्या गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. सिधोजी तर पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. तेवढ्यात महाराजांनी मूठ उघडली. तळहातावर दोराचे रक्ताळलेले वळ होते.

"महाराज, हे काय!" सिधोजी कळवळला.

महाराज हसले. "अडचणीत जे हाताशी आहे त्याला तू हात घातलास. पुढचं धरायला मी होतोच की."

इतक्यात देशमुख धावत आले आणि पायांवर डोके ठेवू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"त्र्यंबकराव, माझे पाय कोरडे आहेत. ज्याचे ओले आहेत, तिकडे जा."

"मालक, नको, नको," म्हणत सिधोजी मागे सरला. पण देशमुखांनी चिखलाने भरलेले त्याचे दोन्ही पाय घट्ट धरले आणि त्यांवर कपाळ टेकले.