सर्जरीत तोंड नाही

डॉ. टिळवे नावाजलेले सर्जन होते. त्यांच्या हाताला यश होतं, पण ऑपरेशन चालू असताना तोंडाला खळ नसे. एकदा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दगडूआजोबा टेबलावर होते. कमरेखालचा भाग बधिर केलेला, छातीपाशी आडवा पडदा, पण आजोबा जागे होते आणि टिळव्यांची ओरड ऐकून घाबरेघुबरे झाले होते. शिकाऊ डॉक्टर मृण्मयी उशाशी त्यांचा हात धरून उभी होती.

टिळवे तिच्यावर गरजले, "नुसत्या उभ्या काय राहता? सर्जरी हा शब्द कुठून आला? सांगता येत नसेल तर बाहेर निघा."

मृण्मयी शांतपणे म्हणाली, "सर, मूळ शब्द ग्रीक. खेइर म्हणजे हात, एर्गोन म्हणजे काम. लॅटिनमध्ये त्याचं किरुर्गिया झालं आणि पुढे बदलत बदलत सर्जरी. एवढ्या भाषा फिरला, पण त्यात तोंडाचं काम काही शिरलं नाही."

मास्कवरचे टिळव्यांचे डोळे हसले. "बरोबर आहे," एवढंच म्हणून ते मुकाट्याने टाके घालू लागले.

थोड्या वेळाने आजोबांनी काळजीने विचारलं, "पोरी, डॉक्टर घरी गेले का गं?"