लहानूची ठुमकी आणि दाजीबांचा सुभेदार

एका गावात एक भोळा कोंबडीवाला होता. म्हणजे गाव त्याला भोळा म्हणायचं. त्याची बायको ठकू दुसरा शब्द वापरायची.

त्याचं नाव लहानू. दारात नऊ कोंबड्या, चार बदकं. पहिल्या दिवशी त्याने सगळी एकाच खुराड्यात कोंडली. बदकांनी पिण्याचं पाणी सांडलं, चिखल केला, कोंबड्या चिखलात उभ्या राहून बोंबलू लागल्या.

ठकू म्हणाली, "अहो, पाखरं सकाळी तळ्यात सोडावीत. भिजली की खूश."

"बरं," लहानू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने नऊच्या नऊ कोंबड्या तळ्यात सोडल्या. त्या खूश झाल्या नाहीत. ठकू लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि एकेक मान धरून बाहेर काढली.

"अहो, मी बदकांचं बोलत होते! कोंबडी कधी पोहते का? पाखराला उंचावर बसवावं. दांडीवर बसलं की खूश."

"बरं," लहानू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याने बदकं आढ्यावर बसवली. तीन धपाधप खाली आली आणि पळाली. चौथी ठुमकी. ती पडली तीच पाय मोडून.

लहानू धावला. त्याने तिच्या पायाला हळद लावली, चिंधी बांधली, महिनाभर तिला कडेवर घेऊन हिंडला. पाय बरा झाला, पण ठुमकी खाली उतरेना. मग ती कडेवरच राहिली. लहानू जेवायला बसला की ती शेजारी, निजला की उशाशी. तिला तो दिवसभराच्या गोष्टी सांगायचा. ठकू ऐकून घ्यायची नाही, ठुमकी ऐकून घ्यायची.

पुढे ठकूच्या बहिणीचं बाळंतपण आलं. निघताना ठकू म्हणाली, "मी नाही तोवर स्वतःचं डोकं चालवू नका. अडलं तर वडीलधाऱ्याला विचारा. तो सांगेल ते करा. अक्षर न् अक्षर."

"बरं," लहानू म्हणाला.

ठकू गेली आणि दाजीबा सुतार आले. काखेत एक भला थोरला टर्की कोंबडा. त्याचं नाव सुभेदार. दाजीबांना मूलबाळ नव्हतं. जे काय होतं ते सुभेदार.

"लहानू, घराचं छप्पर उतरवलंय. चार दिवस सुभेदाराला सांभाळ. माझ्या पोरासारखा आहे. परका समजू नकोस. जेवायलासुद्धा पंगतीला घे."

शेवटचं वाक्य दाजीबा कौतुकाने बोलले. लहानूने दुपारी तीन पानं मांडली. मधे आपण, डावीकडे ठुमकी, उजवीकडे सुभेदार. सुभेदाराने आपलं पान संपवलं, आपल्या मानेची लाल झालर हलवली आणि लहानूच्या मांडीवरून पलीकडे उडी मारली. ठुमकीच्या पानावर. आणि ठुमकीवर.

लहानूने त्याला ओढून काढला, तोवर ठुमकीची मान लवंडली होती.

लहानू इतका रडला, की कोंबड्या खुराड्यातून बाहेर येईनात. त्याने ठुमकीला परसात पुरलं. पुरण्याआधी तिची थोडी पिसं ठेवून घेतली. दोन दिवस त्याने चूल पेटवली नाही.

शेजारची येसूआजी कुंपणावरून म्हणाली, "असं एकट्याने कुढू नये बाबा. दुःख वाटलं की हलकं होतं."

वडीलधारी बाई. लहानू उठला. पिसं सुपात घेतली आणि घरोघरी निघाला.

"काय आणलंस रे?" तेल्याच्या सुनेने विचारलं.

"दुःख आहे. घ्या एक."

तिने दार लावून घेतलं. मारुतीच्या पारावर एकाने पीस घेऊन कान कोरला. कुंभाराने सूप पाहिलं आणि दसऱ्याची वर्गणी समजून ज्वारी घातली. संध्याकाळी लहानू परतला तेव्हा सूप आधीपेक्षा जड झालं होतं. तो ओसरीवर बसला आणि पुन्हा रडू लागला.

चौथ्या दिवशी सकाळी दाजीबांना बातमी कळली. लगबगीने आले. लहानूच्या शेजारी बसले. त्यांनाही वाईट वाटलं होतं, आणि आपल्या सुभेदाराची काळजीही होती. सुभेदार अंगणात पंख पसरून फिरत होता.

"लहानू, मी तुझा गुन्हेगार. पण तो मुका जीव. त्याला काय कळतंय? त्याच्यावर डूख धरू नकोस. पोटात घाल."

लहानूने डोळे पुसले. "पोटात घालू?"

"घाल बाबा."

"सगळं?"

"सगळं. तसूभरही बाकी ठेवू नकोस. ठेवलंस तर आत सडतं."

"खरंय," लहानू म्हणाला. "पण तुमचा जीव आहे त्याच्यावर."

"म्हणून तर सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं."

"जड जाईल हो, दाजीबा."

"जाईल. पहिल्यांदा जडच जातं. पण एकदा घातलं ना, की कसं शांत वाटतं बघ."

"एकट्याला नाही जमायचं."

दाजीबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मी आहे ना. छपराचं काम आटपून संध्याकाळी येतो. दोघं मिळून घालू."

"बरं," लहानू म्हणाला.

संध्याकाळी दाजीबा आले, ते थेट वासावर आले. चूल पेटलेली. भाकऱ्यांची चळत. मोठ्या भगुण्यात लालभडक रस्सा.

दाजीबांना बरं वाटलं. पोरगं सावरलं म्हणायचं.

"आधी जेवा," लहानू म्हणाला.

दोघं जेवायला बसले. दाजीबांनी तीन भाकऱ्या चुरल्या. तंगडी दोन्ही हातांनी धरावी लागली.

"काय कोंबडा आहे रे! कुणाचा म्हणायचा?"

"आपलाच."

"वाहवा!" दाजीबांनी बोटं चाटली, ढेकर दिला, पाठ भिंतीला टेकवली. "आता मोकळ्या मनाने सांग. सुभेदारावर राग नाही ना उरला?"

"मुळीच नाही. तुम्ही म्हणालात तसंच शांत वाटतंय."

"शाब्बास! याला म्हणतात मोठं मन. घातलंस ना सगळं पोटात?"

लहानूने भगुण्यात वाकून पाहिलं.

"सगळं कुठलं, दाजीबा," तो म्हणाला. "दोघांनी घालूनसुद्धा मान उरलीच. घेता का?"