बायजाची गार

कार्तिकातला दिवस मावळायला एक घटका उरली होती. त्याच घटकेला हे सगळं सुरू झालं, असं म्हणतात.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा बंदुका ठासणीच्या होत्या. घणदरे हे पाथरवटांचं गाव. जाती, पाटे, उखळी घडवायची आणि उतारावरची ज्वारी राखायची, एवढंच त्या लोकांना ठाऊक. पण त्या साली लांडगे माजले. दिवसाउजेडी शेळ्या उचलायला लागले. म्हणून गावानं चार बंदुका आणल्या, आणि बंदुकांना गारा लागायला लागल्या.

गार म्हणजे ओढ्यात सापडतो तो पांढरट, तुळतुळीत दगड. तो फोडून नखाएवढी धारदार कपची काढायची आणि चामड्यात धरून बंदुकीच्या घोड्यात आवळायची. चाप ओढला की घोडा पडतो, गार पोलादावर घासते, ठिणगी उडते, दारू पेटते. गार चांगली असली तर ती बंदूक, नाहीतर नुसती लोखंडाची काठी.

गारा काढायचं काम बायजाकडे होतं. तरणी बाई. नवरा खाणीत दरडीखाली गेलेला, कडेवर सहा महिन्यांची चिमा. बायजा गुडघाभर पाण्यात उभी राहून दगड निवडायची, ओल्या वाळूत पुरून ठेवायची, मग एकेक कानाशी धरून हातोडीनं हळूच वाजवायची. खणकन वाजला तर ठेवायचा, बद्द वाजला तर पाण्यात परत. दिवसाला पाच-सहा गारा निघायच्या, जास्त नाही.

त्या कार्तिकात पाटलाचा निरोप आला की कणसं भरलीत, राखण वाढवायची, चार दिवसांत चाळीस गारा पाहिजेत. आणि इकडे चिमाला ताप. तापलेली पोर काठावर ठेवून पाण्यात कुठली आई उभी राहील? मग बायजानं पाथरवट मोठ्या खडकाला करतात तेच केलं. गारांभोवती जाळ घातला आणि वरून थंड पाणी ओतलं. खडक असाच फुटतो, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. गारही फुटली. एका दुपारीत चाळीस कपच्या निघाल्या, दिसायला चकचकीत. कानाशी धरून मात्र तिनं एकही वाजवली नाही. पोर एवढी रडतेय, ऐकू तरी काय येणार, असं तिनं स्वतःला समजावलं.

पाचव्या दिवशी, दिवस मावळायला एक घटका उरली असताना, भिकूबाईचं दोन वर्षांचं पोरगं बांधावर खेळत होतं. लांडगा ज्वारीतून आला. म्हातारा राखणदार धारबा वीस पावलांवर होता. त्यानं नेम धरला, चाप ओढला. घोडा पडला आणि गारेचा चुन्यासारखा भुगा झाला. ठिणगी नाहीच. तो दुसरी गार बसवेपर्यंत लांडगा पोराला घेऊन टेकाडापलीकडे. सकाळी फक्त करदोटा सापडला.

गावानं धारबाला धरलं. म्हणाले, दारू भिजू दिलीस. पाणवठ्यावर बाया त्याला ऐकवायच्या, "मामा, आता काठीच धरा. तिला ओल लागत नाही." म्हातारा मान खाली घालून जायचा. त्याच्या तळहातावरचा तो भुगा बायजानं पाहिला होता. तिला कळलं. पण ती बोलली नाही. गावानं हाकललं तर लांडग्यांच्या रानात चिमाला घेऊन जाणार कुठं? गुपचूप गारा बदलून टाकू, असं तिनं ठरवलं. तीन बंदुकांच्या बदलल्याही. चौथी लांबच्या शेतात, राखणीच्या माळ्यावर होती. तिथवर ती पोचायच्या आत, तिसऱ्या दिवशी, त्याच घटकेला, त्या माळ्याखालून सोनी कुंभारणीची लेक लांडग्यानं नेली. तिथली गारही तशीच फुटली होती.

मग बायजा चिमाला कडेवर घेऊन चावडीसमोर उभी राहिली.

"मामांचा दोष नाही," ती म्हणाली. "गारा मी आगीत फोडल्या. तीन दिवस मला ठाऊक होतं."

सोनी खाली बसली ती उठलीच नाही. मग भिकूबाई पुढे आली. तिनं चिमाला बायजाच्या कडेवरून काढून घेतलं.

"माझ्या लेकराच्या वेळी तुला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "सोनीच्या लेकीच्या वेळी होतं. पोर माझ्यापाशी राहील, तिला काही व्हायचं नाही. तू ओढ्याच्या डोहात जा, बायजे. खरी गार घेऊन वर ये."

बायजा डोहात उतरली. तीन दिवस ती पाण्यात होती, असं म्हणतात. मासे तिच्याभोवती थांबून राहिले आणि तळातले दगड आपणहून वाजायला लागले. त्यातला एकच खणखणीत वाजला. तो घेऊन ती वर आली तेव्हा तिची कातडी गारेसारखी पांढरी पडली होती. काठावर बसून तिनं दगड फोडला. पहिल्याच घावाला बारीक चुरा उडून दोन्ही डोळ्यांत गेला. तिनं हात थांबवला नाही. नुसत्या कानावर कपची पुरी केली आणि धारबाच्या हातात दिली.

त्या दिवशी लांडगा तिसऱ्यांदा आला. धारबानं चाप ओढला. ठिणगी अशी उडाली की सगळं टेकाड पांढरं झालं, तीन गावांनी ते पाहिलं. लांडगा जागच्या जागी पडला. ती एक गार पुढे चाळीस वर्षं चालली, असं म्हणतात.

भिकूबाईनं चिमाला परत आईच्या मांडीवर ठेवलं. बायजानं तिचं तोंड बोटांनी चाचपलं, कपाळ, नाक, हनुवटी. डोळ्यांनी तिनं ते पुन्हा कधी पाहिलं नाही. सोनी तिच्याशी मरेपर्यंत बोलली नाही, आणि बायजानंही कधी बोल म्हणून गळ घातली नाही.

घणदऱ्यात आजही चुलीजवळ गार ठेवत नाहीत. लेकरू सहा महिन्यांचं झालं की आई डोहात गुडघाभर उतरते, एक गार उचलून कानाशी वाजवते, आणि काठावरच्या बायांसमोर आपली एक लपवलेली चूक मोठ्यानं सांगते. दूध उतू गेल्याची असो, नाहीतर पोर पाळण्यातून पडल्याची. त्यावरून तिला पुढे कुणी टोमणा मारायचा नाही, असा तिथला नेम आहे. मग ती गार पाळण्याखाली ठेवतात.

तुमच्या ओळखीत कुणी लेकुरवाळी असेल, तर तिला बायजाची गोष्ट सांगा. आणि एवढं नक्की सांगा, की चूक झाली असेल तर आजच बोल, दिवस मावळायच्या आत.